नोकरीतील प्रगती आणि आत्मविश्वास : आधी काय, नंतर काय?

सायन सर्कल (धागाकर्ती)

आत्मविश्वास असला की करिअर आपोआप मार्गी लागते, असे आपल्याकडे इतक्या वेळा सांगितले जाते की त्याची उलटतपासणी करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. दादर, ठाणे, बोरिवली येथे सुट्टीच्या दिवशी भरणारी सशुल्क शिबिरे याच गृहीतकावर चालतात. तेथे तरुणांकडून मोठ्या आवाजात घोषणा म्हणवून घेतल्या जातात, डोळे मिटून स्वतःला साहेबाच्या केबिनमध्ये बसलेले पाहायला सांगितले जाते, आणि सोमवारी हीच मुले त्याच टेबलावर तितकीच गप्प बसलेली असतात. या शिबिरांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र आत्मविश्वासाचा आणि प्रगतीचा संबंधच नाही, असे मला म्हणायचे नाही. संबंध आहे, फक्त त्याची दिशा आपण समजतो ती नसावी, असे मला वाटते आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

मी लालबाग-परळ भागातील एका अभ्यासिकेत वाणिज्य शाखेच्या पदवीधरांकडून नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घेते. येथे येणाऱ्या बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते आणि त्यांच्यात आत्मविश्वासाचा अभाव आहे, असे निदान पालकांपासून मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत सगळेच करून मोकळे होतात. प्रत्यक्षात 'स्वतःविषयी सांगा' या पहिल्याच प्रश्नाला अडखळणारी मुलगी, बँकेचे स्टेटमेंट आणि खतावणी यांत फरक आला तर तो कसा शोधायचा असे विचारल्यावर न थांबता बोलू लागते. मध्येच समोरच्याची चूकही दाखवते. मग तिच्यात आत्मविश्वास आहे की नाही? मला वाटते, हा प्रश्नच चुकीच्या तऱ्हेने विचारलेला आहे. 'कशाविषयीचा?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली नेमकी हीच बाजू मांडली. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल हा विश्वास, ज्याला त्यांनी 'सेल्फ-एफिकसी' म्हटले, तो स्वतःविषयीच्या सर्वसाधारण चांगल्या मतापेक्षा वेगळा असतो आणि माणूस कोणते काम हाती घेईल, किती नेटाने करील आणि अडचण आल्यावर किती वेळ टिकेल, हे त्यावर बरेच अवलंबून असते. हा विश्वास येतो कोठून, याचीही त्यांनी उत्तरे दिली. सर्वांत भक्कम उगम म्हणजे स्वतः ते काम करून जमल्याचा अनुभव. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहणे. इतरांनी शब्दांनी दिलेला धीर आणि त्या क्षणी शरीराची व मनाची जी अवस्था असेल तिचा आपण लावलेला अर्थ, हे उरलेले दोन. सापांची तीव्र भीती असणाऱ्यांवर त्यांनी जे प्रयोग केले, त्यांत भाषणे देऊन भीती घालवलेली नाही. आधी दुसऱ्याला साप हाताळताना पाहणे, मग स्वतः दुरून, मग जवळून, मग हातमोजे घालून, अशा पायऱ्यांनी प्रत्यक्ष कृती करून घेतली.

आपली शिबिरे या चारांपैकी केवळ तिसऱ्यावर, म्हणजे शाब्दिक धीरावर, उभी आहेत आणि तेवढ्यासाठी शुल्क घेतात. माझे म्हणणे असे आहे की करिअरला उपयोगी पडणारा आत्मविश्वास हा बव्हंशी केलेल्या कामाची शिल्लक असतो. सदस्यांचे अनुभव आणि विरोधी मते, दोन्ही वाचायला आवडतील.

चर्चगेट स्लो

मांडणी चांगली आहे, परंतु मला ती एकांगी वाटते. काम जमल्याचा अनुभव हवा हे मान्य केले, तरी पहिल्यांदा ते काम हाती घ्यायला काहीतरी बळ लागतेच ना? ज्याने कधीच क्लायंटसमोर सादरीकरण केलेले नाही, त्याच्याकडे अनुभवाची शिल्लक शून्य असते. अशा वेळी मनात यशाचे चित्र रंगवणे हेच एकमेव भांडवल असते. मी स्वतः विक्री विभागात आहे आणि प्रत्येक मोठ्या भेटीआधी लोकलमध्ये उभ्याउभ्या ती भेट यशस्वी झाल्याचे डोळ्यांसमोर आणतो. मला त्याचा उपयोग होतो.

आकडेमोड

आपण उपस्थित केलेल्या मुद्द्यावर थेट अभ्यास झालेला आहे. गाब्रिएले ओएटिंगेन आणि डोरिस मायर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जर्मनीतील पदवीधर होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या होत्या: नोकरी मिळेल याची तुम्हाला कितपत खात्री वाटते, आणि नोकरी मिळाल्याची सुखद चित्रे तुम्ही मनात किती वेळा रंगवता? दोन वर्षांनी पुन्हा संपर्क साधला, तेव्हा ज्यांना खात्री होती त्यांची स्थिती तुलनेने चांगली होती. जे वारंवार चित्रे रंगवत होते त्यांनी मात्र कमी अर्ज पाठवले होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि त्यांचा पगारही कमी होता. खात्री ही मागच्या अनुभवाच्या हिशेबावर उभी असते. दिवास्वप्नाला असा हिशेब नसतो, आणि मिळवायचे ते मनातल्या मनात मिळून गेल्यामुळे प्रयत्नांची निकड कमी होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याला लोकलमधील त्या सरावाचा उपयोग होत असेल, तर आपण बहुधा यशाचे चित्र पाहत नसून भेटीत काय बोलायचे याची उजळणी करत असाल. हा फरक जरा तपासून पाहावा.

आता धागाकर्तींच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन्हीकडचे आकडे देतो. स्टायकोविच आणि लुथान्स यांनी १९९८ साली ११४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात काम जमेल हा विश्वास आणि कामातील कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.३८ इतका आला. मानसशास्त्रात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु त्याचा वर्ग केला की लक्षात येते, कामगिरीतील माणसामाणसांमधल्या फरकापैकी जेमतेम १४ टक्के भागाशी त्याचा संबंध जोडता येतो. शिवाय काम जितके गुंतागुंतीचे, तितका हा संबंध सैल होत गेला. त्यानंतर जज नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली बुद्धिमत्ता, स्वभावातील काटेकोरपणा आणि पूर्वानुभव यांचा वाटा बाजूला काढून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा आत्मविश्वासाच्या पदरात स्वतःचे असे फारच थोडे उरले. साध्या कामांत काही प्रमाणात उरले, मध्यम आणि अवघड कामांत जवळपास नाहीच. याचा अर्थ धागाकर्तींना अनुकूलच निघतो. कुशल, काटेकोर आणि अनुभवी माणसाला विश्वास वाटतो. आपण त्या विश्वासालाच कारण समजून बसतो.

उलट बाजूही पाहा. व्हँकूव्हर नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तर्काच्या एका खेळावर प्रयोग करून दाखवले की एकाच माणसाचा विश्वास मागच्या डावातील यशाने वाढला, की पुढच्या डावात तो कमी विचार करतो आणि चुका वाढतात. म्हणून 'जितका आत्मविश्वास तितके चांगले' हे वाक्य, निदान तयारीच्या टप्प्यावर तरी, टिकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री थोडी धाकधूक असलेली बरी.

पूर्वीचे गिरणगाव

वरील सर्व चर्चा प्रयोगशाळेत घडते आहे, असे वाटले म्हणून लिहितो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांपैकी साचेखात्यात (विणकाम विभागात) आयुष्य काढलेल्या माणसांना आपले काम उत्तम जमते, याविषयी तिळमात्र शंका नव्हती. बांडुरांच्या कसोटीवर त्यांचा विश्वास अगदी अस्सल ठरला असता. पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत आणि तो विश्वास जमा करायला जागा उरली नाही. आमच्या चाळीतील अशा कितीतरी काकांनी नंतर पहारेकऱ्याची नोकरी केली, काहींनी भाजीची गाडी लावली. त्यांना करिअरमध्ये यश का मिळाले नाही, या प्रश्नाला आत्मविश्वास हे उत्तर देणे मला क्रूरपणाचे वाटते.

दुसरी गोष्ट दारातच अडवल्या जाणाऱ्यांची. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली आपल्याच शहरातून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला होता. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. कागदावरच्या नावाचा आत्मविश्वास कोणी मोजत नाही, तरीही निकाल लागून गेलेला असतो.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केलेली नव्हती, तोवर उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात पुकारल्यावर कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. क्षमता तीच, कोडेही त्याच प्रकारचे. म्हणून माझा धागाकर्तींना प्रश्न आहे की, विश्वास ही केलेल्या कामाची शिल्लक आहे असे म्हणताना, ती शिल्लक दुसराच कोणी काढून नेऊ शकतो, याचा हिशेब आपण कोठे मांडता?

सायन सर्कल (धागाकर्ती)

हा हिशेब माझ्या मांडणीत नव्हता आणि तो हवा, हे मान्य. किंबहुना त्यामुळे माझा शिबिरांवरील आक्षेप अधिक तीव्र होतो. ज्या मुलाला आजवर प्रत्येक दारात 'तुझे इथे काम नाही' हेच कळलेले आहे, त्याचा संकोच हा त्याच्या स्वभावातील दोष नसून अनुभवातून काढलेला बऱ्यापैकी बरोबर निष्कर्ष असतो. त्याला 'तू फक्त स्वतःवर विश्वास ठेव' असे सांगणे म्हणजे दार बंद असल्याचा ठपका बाहेर उभ्या असलेल्यावर ठेवणे. बांडुरा स्वतःदेखील, प्रयत्न व्यर्थ ठरतील असे वाटण्याची दोन निरनिराळी कारणे मानतात: एक, मला जमणार नाही, दुसरे, मला जमले तरी पलीकडचे लोक दाद देणार नाहीत. पहिल्यावर उपाय सरावाचा आहे. दुसऱ्यावर सरावाने फार काही होत नाही, तेथे पलीकडच्या लोकांनाच बदलावे लागते.

तिसरा मजला

मी त्या पलीकडच्या लोकांपैकी आहे. अंधेरी पूर्वेच्या एका कार्यालयात मनुष्यबळ विभागात काम करतो आणि हे लिहिणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे विभागप्रमुख मुलाखत संपल्यावर सर्वाधिक वेळा जे वाक्य बोलतात ते 'मुलगा कॉन्फिडंट वाटला' हे आहे. पुढे खणून विचारले की कळते, मुलगा इंग्रजी सफाईने बोलला, खुर्चीत टेकून बसला आणि प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देऊ लागला. कामाविषयीचा एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो! मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा, सर्वांना तेच प्रश्न ठरलेल्या निकषांवर विचारणारी मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे हे पुढील कामगिरीचा अंदाज अधिक चांगला देतात, ही गोष्ट निवडप्रक्रियेवरील संशोधनात अनेक दशके मांडली जात आहे. आम्ही लेखा विभागासाठी अर्ध्या तासाचे प्रत्यक्ष काम द्यायला सुरुवात केली, तेव्हा निवड झालेल्यांत गप्प मुलांचे प्रमाण वाढलेले दिसले. विभागप्रमुखांची नाराजी मात्र अजून गेलेली नाही.

क्रॉस मैदान

क्रिकेटचा दाखला दिल्याशिवाय मुंबईतील चर्चा पुरी होत नाही, म्हणून देतो. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही मुंबईतील क्लबांची क्रिकेट स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, चेंडू एखादा गुडघ्याखाली राहतो तर एखादा छातीवर येतो, आणि मैदानात गवत इतके वाढलेले की जमिनीवरून मारलेला चांगला फटकाही सीमारेषेपर्यंत पोहोचत नाही. तेथे काढलेल्या तीस धावांचे मोल जाणकार फलंदाज ओळखतो. अशा मैदानांवर तयार झालेल्या मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात रणजी करंडक सलग १५ वेळा जिंकला. अर्थात त्याला इतरही कारणे होती. पण मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये नव्याने आलेल्या मुलाला कोणी प्रेरक भाषण देत नव्हते, त्याच्या शेजारी बसणाऱ्यांनी करंडक जिंकलेले असत आणि आपणही जिंकणार हे तो गृहीतच धरून चालत असे. आकडेमोड यांनी दिलेल्या खेळाच्या प्रयोगाशी हे कसे जुळते, ते मला पाहायचे आहे. माझ्या मते फरक असा की, सोप्या खेळपट्टीवर मिळालेले यश माणसाला सैल करते; अडचणीतून काढलेल्या धावा तसे करत नाहीत.

आकडेमोड

बांडुरांचे म्हणणे जवळपास हेच आहे. सहज मिळालेल्या यशावर उभा राहिलेला विश्वास पहिल्या अपयशात कोसळतो, असे त्यांनी नोंदवले आहे. बाकी १५ करंडकांचे श्रेय कांगा लीगच्या गवताला कितपत द्यायचे, यावर वेगळा धागा निघू शकेल.

मुलुंड चेकनाका

'आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणे' या दुसऱ्या उगमावर येथे कमी बोलले गेले आहे. स्त्रियांच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा ठरतो. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले की, अमुक व्यवसायाचे शिक्षण आणि काम तुम्हाला जमेल का? पुरुषांची उत्तरे सर्व व्यवसायांबाबत साधारण सारखी होती. स्त्रियांना मात्र परंपरेने पुरुषांचे समजले जाणारे व्यवसाय जमणार नाहीत असे अधिक वाटत होते, आणि गणित व भाषेच्या चाचण्यांत त्या मागे नव्हत्या. म्हणजे क्षमता हाताशी असताना त्या वाटेचा विचारच केला जात नव्हता.

आपल्याकडे सुरेखा यादव यांचे उदाहरण घ्या. साताऱ्याकडच्या, कराडहून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या या बाई मध्य रेल्वेत गाडी चालवू लागल्या, तेव्हा त्या कामात त्यांच्याआधी भारतात एकही स्त्री नव्हती. दुसऱ्या उगमाचा आधार त्यांना मिळणे शक्यच नव्हते. २००० साली त्यांनी मध्य रेल्वेवर महिला विशेष लोकल चालवली, तेव्हा डब्यातून प्रवास करणाऱ्या आणि फलाटावर उभ्या असलेल्या किती मुलींनी मोटरमनच्या जागी एक स्त्री पाहिली असेल! मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली, तोवर रेल्वेत अशा अनेक जणी कामाला लागलेल्या होत्या. पहिल्या व्यक्तीने हा विश्वास कोठून आणावा, ते कोडे मला अजून सुटलेले नाही. त्यांच्यामागून येणाऱ्यांचे मात्र काम थोडे हलके होते, इतके निश्चित.

चर्चगेट स्लो

आकडेमोड यांच्या सूचनेवर विचार केला. मी लोकलमध्ये समोरच्याचे आक्षेप आणि त्यांवरची माझी उत्तरेच घोळवत असतो, हे खरे आहे. तरीही पहिल्या वेळेचा माझा प्रश्न शिल्लक आहे आणि मुलुंडकर ताईंनी तोच अधिक चांगल्या शब्दांत मांडला आहे.

डोंबिवली फास्ट

मी गेली काही वर्षे विमा कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये आहे. दाव्यांची कागदपत्रे तपासण्याच्या कामात माझ्या चुका जवळपास नसतात, नव्या मुलांना शिकवायलाही मलाच बसवतात. परंतु टीम लीडच्या जागेसाठी अर्ज करायची वेळ आली की हात मागे येतो, कारण त्या कामात दर आठवड्याला परदेशी क्लायंटशी इंग्रजीतून कॉल असतो. सायनच्या ताई आणि तिसऱ्या मजल्यावरचे सर, आपण दोघांनी कृपया सांगावे की, माझ्यासारख्याने नेमके काय करावे?

सायन सर्कल (धागाकर्ती)

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. टीम लीडच्या कामात तपासणी, शिकवणे, कामाची वाटणी आणि कॉल असे चार भाग धरले, तर पहिले दोन आपल्याला येतात आणि आपण चौथ्या भागावरून संपूर्ण कामाविषयी निकाल देत आहात. आता त्या कॉलचेच तुकडे करा. सध्याच्या टीम लीडला विनंती करून आधी नुसते ऐकायला बसा आणि तेथे कोणती वाक्ये पुन्हा पुन्हा येतात ते लिहून घ्या. माझा अंदाज आहे की प्रलंबित दावे, कारणे आणि पुढील तारीख यांपलीकडे फारसे काही नसते. नंतर एका आठवड्याचा प्रलंबित दाव्यांचा अहवाल फक्त आपण वाचून दाखवा. तो जमला की एखाद्या प्रश्नाला उत्तर द्या. घशाला कोरड पडेल, आवाज कापेल. तो आपल्याला जमत नसल्याचा पुरावा मानू नका, अनुभवी माणसांचीही पहिल्या काही मिनिटांत तीच अवस्था असते. शक्य असल्यास कार्यालयातील मराठी माध्यमातून आलेला आणि आज कॉल घेणारा कोणी शोधा आणि त्याच्या शेजारी बसा. चर्चगेट स्लो यांच्या पहिल्या वेळेच्या प्रश्नालाही माझ्याकडे इतकेच उत्तर आहे: पहिली वेळ शक्य तितकी लहान करावी. सुरेखाबाईंसारख्यांना ही सोय नव्हती, हे मात्र कबूल करावे लागेल.

तिसरा मजला

ताईंनी सांगितले त्यात कार्यालयीन बाजूची भर घालतो. नव्या मुलांना आपण शिकवता, याची कोठे लेखी नोंद आहे का? नसल्यास ती आजपासून ठेवा: कोणत्या महिन्यात कोणाला शिकवले, त्यांच्या चुकांचे प्रमाण किती उतरले, आपल्या स्वतःच्या तपासणीत किती दावे परत आले. ही नोंद अप्रेझलच्या (वार्षिक कामगिरी-मूल्यमापनाच्या) फॉर्मवर जाऊ द्या आणि त्याची एक प्रत साहेबांना ई-मेलने पाठवा. अप्रेझलच्या चर्चेच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण बऱ्याच कंपन्यांत कोणाला वरची जागा द्यायची याची यादी त्या चर्चेच्या आधीच वर गेलेली असते. त्या यादीत नाव टाकणाऱ्याला आपल्या आत्मविश्वासाची कल्पना नसते, समोरच्या कागदाची असते. आणि अर्ज करताना 'मी कॉलची सवय करून घेत आहे' असे स्पष्ट लिहा. आमच्याकडे अशा अर्जाला कोणी हसत नाही. आपल्याकडे हसत असतील, तर कागद तयार आहेच, तो दुसऱ्या कंपनीतही चालतो.

डोंबिवली फास्ट

दोघांचे आभार. येत्या गुरुवारच्या कॉलला ऐकायला बसण्याची परवानगी मागितली आहे. शिकवण्याची नोंद मागच्या एप्रिलपासूनची जुन्या ई-मेलवरून जुळवता येईल असे दिसते. चुकांचे प्रमाण मात्र क्वालिटी विभागाकडून मागवावे लागेल; ते आकडे कर्मचाऱ्याने मागितले तर देतात का, हे तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी सांगावे.

तिसरा मजला

आपल्या स्वतःच्या तपासणीचे आकडे सहसा देतात. इतरांचे मागू नका. त्यांच्यासाठी सध्याच्या टीम लीडकडून एक ओळीचा ई-मेल मिळाला तरी पुरेसा आहे.